डेक कॉपी केलास ते ठीक, पण नेमकं काय कॉपी केलंस?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा, हार्थस्टोनमध्ये प्लॅटिनमला अडकलोय. आकडेवारीत 58 टक्के विन रेट दाखवणारा डेक जसाच्या तसा कॉपी केला. दोन कार्डं माझ्याकडे नव्हती, एक लेजंडरी आणि 2 मनाच्या एका एपिकची दुसरी प्रत. त्यांच्या जागी माझी आवडती घातली. तरी निम्म्याहून जास्त मॅच हरतोय. वर मित्र म्हणतात नेटडेक म्हणजे चोरी, असा खेळणारा खेळाडूच नव्हे. 1600 डस्ट साठलंय. लेजंडरी बनवू, की सगळं सोडून स्वतःचा डेक बांधू?"

(खेळ नवा असलेल्यांसाठी: हार्थस्टोन हा ऑनलाइन कार्डांचा खेळ. डेक म्हणजे खेळायला निवडलेल्या 30 कार्डांचा संच, विन रेट म्हणजे जिंकण्याचं प्रमाण, मना म्हणजे कार्ड टाकायला मोजावी लागणारी किंमत, एपिक आणि लेजंडरी ही दुर्मीळ कार्डं, डस्ट म्हणजे कार्डं बनवायचा कच्चा माल, प्लॅटिनम ही एक रँक आणि नेटडेक म्हणजे इंटरनेटवरून उचललेला डेक.) चोरीचं आधी निकालात काढू, ते सोपं आहे. ज्या गोष्टीसाठी कंपनीनेच बटण दिलंय ती चोरी कशी? हार्थस्टोनमध्ये 2017 पासून डेकचा कोड कॉपी करता येतो. गेममध्ये नवा डेक बनवायला गेलं की तो स्वतःच विचारतो, हा डेक बनवायचा का. मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या ऑनलाइन रूपात, म्हणजे मॅजिक अरीनात, यादी पेस्ट केली की डेक तयार. क्लॅश रॉयल या मोबाईल गेममध्ये समोरच्याने आपल्याला धू धू धुतलं तर मॅच संपल्यावर त्याचाच डेक उचलता येतो. मोठ्या स्पर्धांमध्ये तर अनेकदा दोन्ही खेळाडूंना एकमेकांची पूर्ण यादी आधीच दिलेली असते. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ म्हणून होते आणि भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं. त्या पातळीवर डेक ही सामायिक माहिती असते, खरी स्पर्धा ती वापरण्यात असते.

आणि हे काही मोबाईलच्या जमान्याचं पाप नाही. मॅजिक 1993 ला कागदी पत्त्यांवर सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत ब्रायन वाइसमनचा कंट्रोल डेक (समोरच्याला अडवत सावकाश जिंकणारा) इंटरनेटवरून इतका पसरला की लोक त्याला नुसतं "द डेक" म्हणायला लागले. 1996 मध्ये पॉल स्लाय नावाचा खेळाडू स्वस्तातल्या लाल कार्डांचा एक डेक घेऊन स्पर्धेत दुसरा आला. डेकमागची कल्पना जे श्नायडरची होती, पण आजही त्या प्रकारच्या डेकला "स्लाय" म्हणतात. म्हणजे बांधणाऱ्याचं नाव मागे पडून खेळणाऱ्याचं चिकटण्याचा प्रकारही तितकाच जुना. मला विचारशील तर खटकण्यासारखी गोष्ट इथे आहे. दुसऱ्याची यादी घेऊन खेळ, हजार वेळा खेळ. पण तीच यादी "माझा नवा डेक" म्हणून व्हिडिओत टाकणारे असतात, त्यांना मात्र तुझ्या मित्रांनी खुशाल शिव्या घालाव्यात.

आता मूळ दुखणं. तुझ्या प्रश्नातली दोन वाक्यं एकापाठोपाठ वाच: "जसाच्या तसा कॉपी केला" आणि "दोन कार्डांच्या जागी माझी घातली". मग तो जसाच्या तसा राहिला कुठे? 30 मधली दोनच तर बदलली, असं तुला वाटत असेल. ती दोन कुठली यावर सगळं आहे, तिथे नंतर येतो. आधी त्या 58 टक्क्यांकडे बघू, कारण निम्मा गोंधळ त्या आकड्याने केलाय.

पहिलं, तो आकडा किती मॅचवर काढलाय? 100 मॅचमध्ये 58 जिंकल्या असतील तर निव्वळ नशिबाच्या चढउताराने खरा विन रेट 48 पासून 68 पर्यंत कुठेही असू शकतो. 1,000 मॅच असतील तर तो साधारण 55 ते 61 च्या मध्ये येतो. 10,000 झाल्या की एखाद्या टक्क्याचा फरक उरतो. नवीन एक्स्पान्शन (नव्या कार्डांचा संच) आल्यावर दुसऱ्या दिवशी "64 टक्के!!" म्हणून फिरणाऱ्या याद्यांमागे मॅच किती होत्या ते बघितल्याशिवाय हात लावू नये. कुणीतरी एका संध्याकाळी सलग जिंकला आणि स्क्रीनशॉट टाकला, एवढंही त्यात असू शकतं.

दुसरं, मॅच कुणाच्या? हार्थस्टोनची बरीचशी आकडेवारी डेक ट्रॅकर बसवलेल्या खेळाडूंकडून येते. जो वेगळं सॉफ्टवेअर बसवून आपल्या मॅचची नोंद ठेवतो, तो सरासरीपेक्षा खेळाकडे जरा गंभीरपणे बघणारा असतो. त्यामुळे तिथले आकडे मुळातच थोडे फुगलेले असतात. त्यातून 50 च्या किंचित वर असलेला डेक म्हणजे "चांगला" नव्हे, मध्यम.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: समोर कोण होतं? एक साधं गणित कर. समज तुझा डेक अ‍ॅग्रो डेकविरुद्ध (सुरुवातीपासून झपाट्याने हल्ला करणारा) 65 टक्के जिंकतो आणि कंट्रोल डेकविरुद्ध 40 टक्के. ज्या रँकवर, ज्या आठवड्यात ही आकडेवारी जमली तिथे 70 टक्के लोक अ‍ॅग्रो खेळत असतील तर एकूण विन रेट येतो 57.5. आता तू प्लॅटिनममध्ये खेळतोस. तिथे नेमकं उलटं असेल, 70 टक्के कंट्रोल असेल, तर त्याच डेकचा तोच खेळाडू 47.5 वर येतो. दहा टक्क्यांचा फरक, आणि तुझा खेळ एका कार्डानेही बिघडलेला नाही. शाळेत अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून जायचे आणि पेपर दुसऱ्याच बोर्डाचा निघावा, तसं हे आहे.

म्हणून पहिलं काम कंटाळवाणं आहे: पुढच्या 30 मॅचमध्ये समोर कुठला क्लास (हिरोचा प्रकार), कुठल्या प्रकारचा डेक आला एवढंच कागदावर लिही. जिंकलास की हरलास ते बाजूला ठेव. तीस हा काही मोठा आकडा नाही, पण तुझ्या तळ्यात मासे कुठले आहेत याचा अंदाज येतो. अर्ध्यापेक्षा जास्त वेळा एकच नावडता डेक समोर येत असेल तर दोष यादीचा नाही, निवडीचा आहे. दुसरा डेक उचल. कॉपी करण्याचा हाच तर फायदा आहे, की जीव अडकत नाही.

आता ती दोन कार्डं.

त्या एपिकची दुसरी प्रत नसल्याने फार बिघडणार नाही, असं तू धरून चाललायस. बघू. हार्थस्टोनमध्ये पहिला नंबर तुझा असेल तर सुरुवातीला तीन कार्डं दिसतात. हवं ते कार्ड नसेल आणि तू तिन्ही परत टाकलीस, तर नवी तीन मिळतात आणि टाकलेली त्याच वेळी परत येत नाहीत. म्हणजे शोधायचंच ठरवलं तर तू सहा कार्डं बघतोस. डेकमध्ये त्या कार्डाच्या दोन प्रती असतील तर या सहांत निदान एक सापडण्याची शक्यता 37 टक्के. एकच प्रत असेल तर 20 टक्के. दुसरा नंबर असेल तर चार कार्डं, म्हणजे जास्तीत जास्त आठ बघायला मिळतात. तिथे दोन प्रतींना 47 टक्के आणि एकीला 27.

2 मनाचं कार्ड डेकमध्ये दोन प्रतींनी असतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या टर्नला हातात हवं म्हणूनच. बांधणाऱ्याने मुलिगनचं, म्हणजे सुरुवातीची कार्डं बदलण्याचं, सगळं धोरण त्यावर उभं केलेलं असतं: हे ठेव, बाकी टाक. तू एक प्रत काढलीस आणि तिथे, मी पैज लावतो, सहा-सात मनाचं काहीतरी भारदस्त घातलंस. (सगळे तेच करतात. कुणी कधी 1 मनाचं कार्ड "आवडतं" म्हणून घातलेलं मी बघितलेलं नाही.) त्यामुळे तुझ्या सुरुवातीच्या हाताचा तोंडवळाच बदलला. दुसऱ्या टर्नला तू काही न करता टर्न संपवतोस, समोरचा पुढे निघून जातो, आणि सातव्या टर्नला तुझं भारदस्त कार्ड येईपर्यंत मॅच हातातून गेलेली असते. तुला मात्र आठवतं ते, ज्या मॅचमध्ये ते कार्ड येऊन जिंकवून गेलं तेवढंच.

हाच प्रकार मॅजिक अरीनात लँडच्या, म्हणजे मना देणाऱ्या कार्डांच्या, बाबतीत होतो. 60 कार्डांत 24 लँड असतात. माणूस म्हणतो, एवढी लँड कशाला, दोन काढून दोन मस्त क्रीचर घालू. पहिला नंबर असताना चौथ्या टर्नपर्यंत चार लँड मिळण्याची शक्यता 24 लँडला 63 टक्के आहे. 22 लँड केली की ती 54 वर येते (मुलिगन वगैरे सोडून हा हिशोब). म्हणजे जी चार मनाची कार्डं तू "मस्त" म्हणून वाढवलीस, तीच वेळेवर खेळता न येण्याची सोय तू स्वतः करून ठेवलीस. अरीनात आणखी एक सापळा आहे. स्पर्धेतल्या याद्या बहुधा बेस्ट ऑफ थ्रीच्या असतात, त्यांच्यासोबत 15 कार्डांचा साइडबोर्ड (दोन डावांच्या मध्ये बदलायची राखीव कार्डं) असतो आणि मुख्य डेक तो साइडबोर्ड गृहीत धरून बांधलेला असतो. लोक मुख्य 60 कार्डं उचलतात आणि बेस्ट ऑफ वनच्या लॅडरवर (रँकच्या मॅचमध्ये) जातात. तिथे पहिला हात वाटण्याची पद्धतसुद्धा वेगळी आहे, लँडचं प्रमाण फार बिघडू नये अशी काळजी गेम घेतो. यादी तीच, खेळ दुसराच.

आणि क्लॅश रॉयल, जो आपल्याकडच्या पोरांनी लोकलमध्ये उभं राहूनसुद्धा खेळलाय. हॉग 2.6 हा डेक माहीत नाही असा खेळाडू सापडणं कठीण: हॉग रायडर, मस्केटियर, आइस गोलेम, आइस स्पिरिट, स्केलेटन्स, कॅनन, फायरबॉल, लॉग. आठ कार्डांचं एलिक्सिर (इथली मना) मिळून 21, सरासरी 2.6. एक कार्ड टाकलं की ते परत हातात यायला मध्ये दुसरी चार टाकावी लागतात. यातली सगळ्यात स्वस्त चार मिळून 6 एलिक्सिर होतात. साध्या वेळेत एक एलिक्सिर भरायला 2.8 सेकंद लागतात, म्हणजे साधारण 17 सेकंदांच्या एलिक्सिरमध्ये पुढचा हॉग तयार. समोरच्याचं त्याला अडवणारं कार्ड परत येण्याआधी आपला हॉग पुलावर पोचला पाहिजे, सगळा डेक या एका शर्यतीवर उभा आहे. आता कुणीतरी आइस गोलेम काढून मेगा नाइट घालतो. सरासरी 3.25 होते. स्वस्त चार कार्डं 7 एलिक्सिरला जातात, हातात सात एलिक्सिरचं धूड अडून बसतं आणि शर्यत संपते. नाव मात्र अजून "हॉग सायकल".

तर यादीतल्या प्रत्येक कार्डाला विचारायचा प्रश्न "हे चांगलं आहे का" हा नाही. हे कार्ड कुठल्या टर्नला, कुणाविरुद्ध, काय करण्यासाठी घेतलंय, हे विचार. यादी निकाल सांगते, कारणं सांगत नाही. ती तुला परत शोधून काढावी लागतात, आणि कॉपी करणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते करत नाहीत.

कारणं कळली नाहीत तर काय होतं याचं माझ्या आवडीचं उदाहरण म्हणजे हार्थस्टोनमधला 2015 चा पॅट्रन वॉरियर डेक. ग्रिम पॅट्रन: 5 मना, 3/3 (3 अटॅक, 3 आयुष्य), मार खाऊन जिवंत राहिला की दुसरा पॅट्रन आणतो. सोबत वॉरसाँग कमांडर, 3 मना. तेव्हा तिचा नियम होता की 3 किंवा कमी अटॅकचा मिनियन (टेबलावर उतरून लढणारं पात्र) तुम्ही बोलावलात की त्याला चार्ज मिळतो, म्हणजे तो त्याच टर्नला हल्ला करू शकतो. आता 10 मना आहे. आधी वॉरसाँग, मग पॅट्रन, 8 झाले. उलट क्रम केला तर पहिल्या पॅट्रनला चार्ज नाही, कारण बोलावताना वॉरसाँग टेबलावर नव्हती. मग 1 मनाचं व्हर्लविंड: सगळ्यांना एक डॅमेज, पॅट्रन वाचतो, दुसरा येतो, त्यालाही चार्ज. पुढे पॅट्रन कुणावर सोडायचे? समोरच्या 1 किंवा 2 अटॅकच्या मिनियनवर आदळला तर 3/3 वाला वाचतो आणि आणखी एक आणतो. 3 अटॅकच्यावर आदळला तर मरतो, नवा येत नाही. मार खाल्लेला पॅट्रन 3/2 झालेला असतो, त्याला 2 अटॅकवालाही चालत नाही. म्हणजे समोरच्याच्या छोट्या मिनियनमध्ये कुठला आधी मारायचा आणि कुठला पुढच्या पॅट्रनसाठी राखून ठेवायचा, हा हिशोब टर्नचं घड्याळ पळत असताना करायचा. शिवाय हे सगळं ज्यावर चालतं ती व्हर्लविंडसारखी कार्डं त्याआधीच्या टर्नांमध्ये घाबरून उधळायची नाहीत.

यादी सगळ्यांकडे होती. वरच्या रँकला त्या डेकची दहशत होती आणि खालच्या रँकला लोक तोच डेक घेऊन हरत होते, तेव्हा खेळणाऱ्यांना हे आठवत असेल. शेवटी ऑक्टोबर 2015 मध्ये वॉरसाँग कमांडर नर्फ झाली, म्हणजे कंपनीने तिची ताकद कमी केली, आणि डेक संपला. म्हणून डेक निवडताना विन रेटसोबत हेही बघ की तो चालवायला किती अवघड आहे. अवघड कॉम्बो डेकचा वरच्या रँकवरचा 58 टक्के आणि सरळ अ‍ॅग्रोचा तुझ्या रँकवरचा 54 टक्के यांत तुझ्यासाठी दुसरा जास्त कामाचा.

कारणं शोधायची कशी? शक्य असेल तर यादी बनवणाऱ्याच्याच मॅच बघ, आणि जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या बघ. प्रत्येक टर्नला व्हिडिओ थांबव, आपण काय खेळलो असतो ते ठरव, मग पुढे ने. त्याने तुझ्यापेक्षा वेगळं केलं त्या ठिकाणी काहीतरी शिकण्यासारखं आहे. मुलिगनकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. चांगलं वाटणारं कार्ड तो परत टाकतो तेव्हा का टाकतो हे कळलं की डेक अर्धा समजला. आणि पहिल्या पंचवीस-तीस मॅच यादीत काहीही बदलू नकोस. त्यानंतर एक बदल, एका वेळी एकच. टेक कार्ड (ठरावीक डेकविरुद्ध उपयोगी पडणारं) घालायचं असेल तर आधी केलेल्या तीस मॅचच्या नोंदीतून कारण दाखवता आलं पाहिजे.

स्वतःचा डेक बांधू नकोस असं मी म्हणत नाही. पण त्याच्या वेळा असतात. एक्स्पान्शनचा पहिला आठवडा, जेव्हा कुणालाच काही माहीत नसतं. किंवा मेटा (सध्या लोक कुठले डेक खेळताहेत ते चित्र) इतका थिजलेला असतो की सगळे एकच डेक खेळताहेत आणि त्याला नेमकं मारणारं काहीतरी बांधता येतं. स्पर्धेच्या कॉन्क्वेस्ट पद्धतीत तर हे लागतंच. चार क्लासचे चार डेक न्यायचे, एक समोरचा बॅन करतो, उरलेल्या तिन्हींनी जिंकायचं. तिथे चार याद्या सुट्या सुट्या उचलून भागत नाही. आणि मित्रांसोबत खेळताना "नेटडेक चालणार नाही" असा नियम ठरवा की, मजा येते. फक्त लॅडरवर आलेल्या अनोळखी माणसाकडून त्या नियमाची अपेक्षा धरू नये.

नेटडेकमुळे मेटा लवकर शिळा होतो, ही तक्रार मात्र खोटी नाही. हजारो लोक एकाच यादीवर पॉलिश मारायला लागले की खेळ महिन्याचा आठवड्यात सुटतो. मॅजिक बनवणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने 2017 मध्ये मॅजिक ऑनलाइनच्या लीगमधल्या प्रसिद्ध होणाऱ्या याद्या याच कारणाने कमी केल्या. पण माहिती दाबून ठेवायची की नाही हा गेम चालवणाऱ्यांचा प्रश्न. तुझा नाही.

राहिलं 1600 डस्ट. लेजंडरीला सगळे जातील, आणि नंतर पस्तावून ते मोडलंस तर परत 400 च मिळतील. त्यापेक्षा 400 घालून आधी त्या एपिकची दुसरी प्रत बनव. तुझ्या सुरुवातीच्या हाताची गळती तिथे आहे. उरलेले 1200 तसेच राहू दे. लेजंडरीच्या जागी तात्पुरतं त्याच मनाचं आणि तेच काम करणारं कार्ड घाल, तुझं आवडतं नको. तीस मॅच झाल्यावर हरलेल्या मॅच काढून बघ. त्यांतल्या किती ठिकाणी ते लेजंडरी हातात असतं तर निकाल फिरला असता? डेकचा विजयच त्या एका कार्डावर टांगलेला असेल तर ते लगेच कळेल, मग पॅक उघडून उरलेलं डस्ट जमव आणि बनव. नुसतंच ताकदवान कार्ड असेल तर थांब, पुढचा बॅलन्स पॅच (कार्डांची ताकद कमीजास्त करणारा बदल) येऊन जाऊ दे. त्यात ते नर्फ झालं तर ज्यांच्याकडे आहे त्यांना काही दिवस मोडल्यावर पूर्ण डस्ट परत मिळतं, पण डेक मोडल्याच्या मनस्तापाची भरपाई काही मिळत नाही. तेवढ्यात नोंदीचा कागद भरला की पाठव, समोर काय येतंय ते बघून डेक बदलायचा का ते सांगतो.